लघुरूप ओळीच्या टोकाला तुटते तेव्हा: आधी जागा ओळखा, मग उपाय करा

लक्षण बहुतेक वेळा शेवटच्या प्रुफात दिसते. ओळीच्या टोकाला ‘एच. आय.’ आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटे ‘व्ही.’. किंवा ‘आयएसओ’ वर राहते आणि ‘९००१’ खाली उतरतो. किंवा ‘युने-’ आणि ‘स्को’ असे सरळ दोन तुकडे पडतात. अशा वेळी हात आपसूक शिफ्ट-एंटरकडे जातो आणि त्या क्षणापुरते कामही भागते. पण पुढच्या फेरीत वर दोन शब्द वाढले, की हीच ओळ परिच्छेदाच्या मधोमध अर्धवट लोंबकळते आणि लघुरूप दुसऱ्याच ठिकाणी तुटते.

म्हणून सुरुवात जुने शिफ्ट-एंटर काढण्यापासून करा. वर्डच्या शोधचौकटीत कॅरेट चिन्ह (^) आणि छोटा एल, पानमांडणीच्या इनडिझाइनमधल्या ग्रेप शोधात (नमुन्यावरून शोधण्याची सोय) उलटी तिरकी रेघ आणि छोटा एन टाकले की ते सापडतात. लाटेकमध्ये (मजकुरात आज्ञा लिहून पाने घडवणारी प्रणाली) परिच्छेदाच्या पोटात घुसवलेल्या दोन उलट्या तिरक्या रेघा शोधा. कविता, पत्ते आणि तक्ते यांत त्या मुद्दाम दिलेल्या असतात, तेव्हा सगळे एकदम बदलू नका. काढलेल्या जागी एक स्पेस राहील याची काळजी घ्या, नाहीतर दोन शब्द एकमेकांना चिकटतील.

पुढे लाटेकच्या आज्ञा आणि पर्यायांची नावे उच्चारानुसार दिली आहेत. टंकताना ती रोमन लिपीत लिहायची आणि आज्ञेआधी उलटी तिरकी रेघ द्यायची.

संगणकाला काय दिसते

ओळ कुठे तोडायची हे ठरवताना प्रणालीला तीनच गोष्टी कळतात: स्पेस, हायफन आणि शब्दतोडीच्या नियमांनी शब्दाच्या आत ठरवलेल्या जागा. एखादा शब्द लघुरूप आहे हे तिला माहीत नसते. रोमन लिपीत निदान एक खूण असते, सगळी अक्षरे मोठी. त्या खुणेवर चालणाऱ्या सोयीही आहेत. वर्डच्या हायफनेशन खिडकीत मोठ्या अक्षरांतले शब्द तोडण्याची चौकट असते, तिच्यातली खूण काढायची. लिब्रेऑफिसमध्ये अशीच चौकट परिच्छेदाच्या टेक्स्ट फ्लो पानावर आहे. इनडिझाइनमध्ये मोठ्या अक्षराने सुरू होणारे शब्द तोडण्याचा पर्याय बंद करता येतो. लाटेकच्या मुळाशी असलेल्या टेकमध्ये ‘यूसीहायफ’ (यू, सी, एच, वाय, पी, एच) याची किंमत १ असते, ती ० केली की मोठ्या अक्षराने सुरू होणारा शब्द तुटत नाही.

देवनागरीत मोठे-छोटे अक्षर हा प्रकारच नाही. त्यामुळे यातली एकही सोय ‘युनेस्को’ला किंवा ‘एचआयव्ही’ला लागू होत नाही. इंग्रजी दस्तऐवजासाठी सांगितलेला उपाय मराठीत चालला नाही, तर बहुतेक वेळा कारण हेच असते. मराठीत लघुरूप कोणते हे आपल्यालाच खूण करून सांगावे लागते. ती खूण कोणती, हे लघुरूप नेमके कुठे तुटते आहे त्यावर ठरते.

शब्दाच्या पोटात तुटत असेल तर

‘युने-स्को’, ‘ना-टो’, ‘एच-आयव्ही’ असे दिसले की दोष शब्दतोडीचा. मराठीचे शब्दतोडीचे नियम अक्षरांवर बेतलेले असतात, म्हणून लघुरूपाच्या आत जवळपास प्रत्येक अक्षरानंतर तुटण्याची जागा तयार होते. लाटेकमध्ये ‘शोहायफन्स’ ही आज्ञा शब्द देऊन चालवा. तो शब्द कुठे कुठे तुटू शकतो हे लॉग फाइलमध्ये छापून येते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे आधी पाहावे.

लाटेकमध्ये अपवादांची यादी देता येते. ‘हायफनेशन’ या आज्ञेत शब्द कुठेही हायफन न देता लिहिला की तो तुटत नाही. इथे दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली: ही यादी त्या क्षणी चालू असलेल्या भाषेपुरतीच नोंदली जाते. दस्तऐवजाच्या डोक्यावर इंग्रजी चालू असताना लिहिलेला मराठी अपवाद इंग्रजीच्या खात्यात जातो आणि मराठी मजकुरावर काहीच परिणाम होत नाही. बेबेल हे भाषांसाठीचे पॅकेज वापरत असाल तर ‘बेबेलहायफनेशन’ आज्ञेला चौकोनी कंसात भाषेचे नाव द्या.

दुसरी फसगत खास मराठीची आहे. अपवाद पूर्ण शब्दाशी जुळला तरच लागू होतो. ‘युनेस्को’ यादीत असला तरी ‘युनेस्कोने’, ‘युनेस्कोच्या’, ‘युनेस्कोकडून’ हे प्रणालीच्या दृष्टीने वेगळे शब्द आहेत, आणि ते खुशाल तुटतात. इनडिझाइनच्या वापरकर्ता-शब्दकोशातही हीच अडचण आहे. तिथे शब्दाच्या आधी टिल्डा चिन्ह (~) दिले की तो शब्द कधीच तोडायचा नाही असा अर्थ होतो, पण प्रत्यय लागला की ती नोंद गैरलागू. दहा-बारा लघुरूपे असतील तर सगळी रूपे यादीत घालणे जमण्यासारखे आहे. शंभर असतील तर याद्यांचा नाद सोडा.

त्यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे शब्दालाच बंद पेटीत ठेवणे. लाटेकमध्ये ती पेटी ‘एमबॉक्स’ (एम, बी, ओ, एक्स). महिरपी कंसात प्रत्ययासकट पूर्ण शब्द द्या, म्हणजे ‘युनेस्कोच्या’ हा सबंध. प्रत्यय बाहेर ठेवला तरी पेटी आणि प्रत्यय यांच्या मध्ये ओळ तुटत नाही, पण दोन तुकडे वेगवेगळे घडवले जातात आणि त्यांच्यातले अंतर बिघडू शकते. दरवेळी एमबॉक्स लिहिण्याऐवजी लघुरूपासाठी स्वतःची एक छोटी आज्ञा करून घ्या. पुढे धोरण बदलले तर एकाच ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल.

इनडिझाइनमध्ये ‘नो ब्रेक’ हा गुण असलेली कॅरेक्टर स्टाइल बनवा आणि परिच्छेद-शैलीतल्या ग्रेप स्टाइलमधून ती लावा. नमुना असा:

(युनेस्को|युनिसेफ|नाटो|एचआयव्ही)[ऀ-ॿ]*

चौकोनी कंसातला भाग देवनागरीची पूर्ण मालिका आहे, म्हणून लघुरूपाला लागलेला कोणताही प्रत्यय आपोआप आत येतो. मजकुराला हात न लावता काम होते आणि नवीन मजकूर ओतला तरी शैली लागू राहते. पाठोपाठ चार-पाच शब्दांना मात्र नो ब्रेक लावू नका. तो पट्टा कॉलमपेक्षा रुंद झाला की शब्द कुठेतरी मध्येच तुटतो किंवा मजकूर चौकटीबाहेर जाऊन दिसेनासा होतो.

टिंब आणि स्पेस: खरे दुखणे

मराठी दस्तऐवजातल्या बहुतेक तक्रारी इथल्या असतात. ‘डी. एन. ए.’, ‘एच. आय. व्ही.’, ‘इ. स.’, ‘कि. मी.’ यांत प्रत्येक टिंबानंतर साधी स्पेस आहे, आणि साधी स्पेस म्हणजे ओळ तोडायला खुला परवाना. टिंब बिचारे निर्दोष आहे. ‘डी.एन.ए.’ असे स्पेसशिवाय लिहिले तर टेक ते तोडत नाही, आणि युनिकोडच्या ओळतोडीच्या नियमांतही टिंब आणि त्याला लागून आलेले अक्षर यांच्या मध्ये तोड नाही.

आधी लेखनपद्धती ठरवा. टिंबे पूर्ण काढून ‘एचआयव्ही’, ‘डीएनए’ लिहिणे अरुंद कॉलमसाठी सगळ्यांत चांगले. स्पेसचा प्रश्नच मिटतो, प्रत्यय सहज चिकटतो आणि शब्दतोड तेवढी आवरावी लागते. टिंबे हवीच असतील तर स्पेस काढून ‘एच.आय.व्ही.’ करा. टिंबेही हवीत आणि मोकळेपणाही हवा, तर स्पेसच्या जागी न तुटणारी जागा द्या.

ही जागा दोन प्रकारची असते. नेहमीची न तुटणारी स्पेस म्हणजे युनिकोड ००ए०. ती वर्डमध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने येते, इनडिझाइनमध्ये कंट्रोल-आल्ट-एक्सने, लाटेकमध्ये टिल्डाने आणि वेबपानावर ‘एनबीएसपी’ने. दुसरी बारीक न तुटणारी जागा, युनिकोड २०२एफ. लाटेकमध्ये तिचे काम उलटी तिरकी रेघ आणि स्वल्पविराम ही जोडी करते. ती एका एमच्या (फॉन्टाच्या आकाराएवढी रुंदी) सहाव्या भागाएवढी असते, तिथे ओळ तुटत नाही आणि ती ताणलीही जात नाही. आद्याक्षरांमध्ये ही बारीक जागाच शोभते. दोन्ही कडा सरळ असलेल्या मजकुरात लाटेकचा टिल्डा इतर स्पेससारखाच ताणला जातो. ओळ सैल पडली की ‘एच.’, ‘आय.’ आणि ‘व्ही.’ तीन बेटांसारखे एकमेकांपासून दूर जातात. तुटले नाही खरे, पण वाचताना एक शब्द वाटत नाही.

तयार मजकुरात या जागा बदलायच्या असतील तर नेहमीचा अडथळा असा: वाक्याच्या शेवटी टिंब आणि स्पेस येते, लघुरूपातही टिंब आणि स्पेसच येते. रोमन मजकुरात मोठ्या अक्षरावरून फरक काढता येतो, इथे येत नाही. पण एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. रोमन अक्षरांची देवनागरी नावे मोजकी आहेत: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ, पी, क्यू, आर, एस, टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. एवढीच २६. शिवाय ‘वी’, ‘यु’, ‘आइ’ असे लेखनभेद मजकुरात असतील तर तेही घ्या. ही यादी दोनदा वापरून नमुना होतो. आटोपशीर रूपात तो असा:

(एच|आय|व्ही|डी|एन|ए)\. (?=(एच|आय|व्ही|डी|एन|ए)\.)

मध्ये एकच स्पेस आहे, ती बदलायची. कंसातला दुसरा भाग फक्त डोकावून पाहतो: पुढे लगेच अक्षराचे नाव आणि त्यानंतर टिंब आहे का? त्यामुळे ‘…लस दिली जी. तो म्हणाला’ असल्या वाक्यात काही होत नाही. बदलाच्या चौकटीत पहिला गट, टिंब आणि न तुटणारी स्पेस द्या. इनडिझाइनच्या ग्रेपमध्ये तिची खूण टिल्डा आणि मोठा एस. छोटा एस दिलात तर ठरावीक रुंदीची न तुटणारी स्पेस येते. आद्याक्षरांसाठी या दोघांत छोटा एसच बरा, कारण तो ताणला जात नाही. लिब्रेऑफिसमध्ये नियमित पदावली (रेग्युलर एक्स्प्रेशन) चालू करून हाच नमुना चालतो, बदलाच्या चौकटीत न तुटणारी स्पेस चिकटवा.

वाक्याचा शेवट ‘पार्टी.’सारख्या शब्दाने झाला आणि पुढचे वाक्य ‘बी. सी. जी.’ने सुरू झाले, तर पूर्ण यादीचा नमुना तिथेही जुळेल. म्हणून सरसकट न बदलता एकेक पाहत पुढे जा. शब्दसीमेची खूण (उलटी तिरकी रेघ आणि छोटा बी) घालून हे टाळण्याचा मोह होतो, पण देवनागरीत तिच्यावर भरवसा ठेवू नका. अनेक प्रणाली काना-मात्रा-वेलांटीला शब्दाचा भाग मानत नाहीत. मग ‘व्ही’च्या मध्येच त्यांना शब्दसीमा दिसते आणि नमुना जुळत नाही, किंवा भलतीकडेच जुळतो.

वर्डच्या वाइल्डकार्डांमध्ये ‘हे किंवा ते’ सांगण्याची सोय नाही आणि डोकावून पाहण्याचीही नाही. तिथे प्रत्येक लघुरूप स्वतंत्र शोधा. बदलाच्या चौकटीत स्पेसच्या जागी कॅरेट आणि छोटा एस द्या. पुढच्या लेखनासाठी ऑटोकरेक्टमध्ये तयार रूप नोंदवून ठेवले तर टंकतानाच योग्य स्पेस पडते.

शेवटच्या टिंबानंतरचा प्रत्यय विसरू नका. ‘एच. आय. व्ही. चा’, ‘डी. एन. ए. ने’ असे सुटे लिहिले असेल तर पुढची ओळ एकट्या ‘चा’ने सुरू होते. अशी ओळ पाहिली की वाचणारा अडखळतोच. प्रत्यय टिंबाला चिकटवा: ‘एच. आय. व्ही.चा’. मराठीत प्रत्यय सुटा लिहायचा नसतोच, तेव्हा ही ओळतोडीबरोबर लेखनाचीही दुरुस्ती झाली.

हायफन, आकडे आणि तिरकी रेघ

‘कोविड-१९’, ‘यूटीएफ-८’, ‘एमपी-३’ यांत साधा हायफन असतो आणि टेक व वर्ड दोघेही त्याच्यानंतर ओळ तोडतात. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-हायफन दिला की न तुटणारा हायफन येतो. तो वर्डची स्वतःची खूण आहे, युनिकोड २०११ नाही. म्हणून मजकूर दुसऱ्या प्रणालीत नेल्यावर तो टिकला, साधा झाला की गळाला, हे पाहावेच लागते. २०११ थेट घालणार असाल तर आधी फॉन्ट तपासा. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत ती आकृती नसते, मग हायफन दुसऱ्या फॉन्टातून उसना येतो आणि जाडी-उंचीत वेगळा दिसतो. इनडिझाइनमध्ये कंट्रोल-आल्ट-हायफन आहे.

लाटेकमध्ये पुन्हा एमबॉक्स, किंवा एएमएसमॅथ पॅकेजची ‘नोब्रेकडॅश’ ही आज्ञा हायफनच्या आधी. ‘एक्सहायफनपेनल्टी’ची, म्हणजे हायफननंतर ओळ तोडण्याच्या दंडाची, मूळ किंमत ५० असते; दंड जितका मोठा तितकी तिथली तोड टळते. ती १०,००० करून सगळेच हायफन बंद करता येतात, पण त्यात साधे जोडशब्दही अडकतात आणि ओळी सैल पडतात. लघुरूपांपुरता हा उपाय फार महाग आहे.

तिरक्या रेघेची गोष्ट उलटी आहे. टेक तिथे आपणहून ओळ तोडत नाही, म्हणून ‘एचआयव्ही/एड्स’ सबंध राहते आणि अरुंद कॉलममध्ये समासाबाहेर डोकावते. तोडण्याची मुभा द्यायची तर ‘स्लॅश’ ही आज्ञा वापरा.

वेबपानावर लघुरूपाच्या टॅगला ‘व्हाइट-स्पेस’चा ‘नोरॅप’ लावणे पुरेसे. टॅग देणे शक्य नसेल तर हायफनच्या लगेच पुढे वर्ड जॉइनर, म्हणजे युनिकोड २०६०, घाला. त्याला रुंदी नसते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तोड होत नाही. जुन्या मजकुरात या कामासाठी एफईएफएफ वापरलेले सापडते. युनिकोड ३.२ पासून ते काम २०६० कडे गेले आहे. जोडाक्षरांसाठीचा झेडडब्ल्यूजे (२००डी) मात्र ओळ धरून ठेवायला वापरू नका. त्याने देवनागरी अक्षराचे रूपच बदलू शकते.

लघुरूप आणि त्याचा आकडा (‘आयएसओ ९००१’), आकडा आणि एकक (‘१० कि.मी.’) यांच्यामध्ये नेहमीची न तुटणारी स्पेस द्या. एवढे पुरते.

पूर्ण नाव आणि कंसातले लघुरूप

‘जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ)’ असे पहिल्यांदा लिहिताना पूर्ण नाव आणि कंस यांच्यामध्ये ओळ तुटली तर बहुधा काही बिघडत नाही. इथे सगळीकडे टिल्डा पेरणारे दस्तऐवज पाहिले की ओळी का ताणल्या आहेत ते लगेच कळते. लघुरूप दोन-तीन अक्षरांचे असेल तरच न तुटणाऱ्या स्पेसने बांधा, कारण ओळीच्या सुरुवातीला एकटाच छोटा कंस वाईट दिसतो. लाटेकच्या ग्लॉसरीज पॅकेजमधली ‘लाँग-एसपी-शॉर्ट’ शैली हाच विचार करते: लघुरूप ३ एमपेक्षा कमी रुंद असेल तर न तुटणारी स्पेस, नाहीतर साधी. हा हिशोब बाकी प्रणालींतही डोळ्यांनी करता येतो.

बांधल्यावर ओळी फाटल्या तर

सगळे बांधून झाले की नवी तक्रार येते: काही ओळींत शब्दांमध्ये खिंडारे पडतात किंवा ओळ समासाबाहेर जाते. लाटेकच्या लॉगमध्ये तेव्हा ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ दिसते. तोडीच्या जागा कमी झाल्या, त्याचा हा परिणाम. टेकची पद्धत, जी डोनाल्ड क्नुथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये सविस्तर मांडली, एकेका ओळीपुरती पाहत नाही, सबंध परिच्छेद तोलते. इनडिझाइनचा परिच्छेद-कंपोझरही तसाच चालतो. म्हणून सातव्या ओळीत बांधलेले लघुरूप तिसरी ओळ हलवू शकते. दोष वरच्या ओळीत दिसला म्हणून तिथेच कारण शोधत बसू नका, त्या परिच्छेदातली सगळी बांधलेली लघुरूपे पाहा.

अशा वेळी बंदीऐवजी नापसंती सांगता येते. लाटेकची ‘नोलाइनब्रेक’ आज्ञा चौकोनी कंसात ० ते ४ आकडा घेते. ४ म्हणजे पूर्ण बंदी, म्हणजेच १०,००० दंड. नेहमीच्या दस्तऐवज-वर्गांत १, २ आणि ३ म्हणजे अनुक्रमे ५१, १५१ आणि ३०१. ‘आयएसओ’ आणि ‘९००१’ यांच्यामध्ये ३ दिला तर फारच अडचण झाली तरच तिथे तुटते. अरुंद कॉलमसाठी हे टिल्डापेक्षा चांगले. एवढ्यानेही भागले नाही तर ‘इमर्जन्सीस्ट्रेच’ला १ ते २ एम द्या. ‘स्लॉपी’ आज्ञा सहनशीलता (ओळ किती सैल चालेल ती मर्यादा) थेट ९९९९ वर नेते आणि ३ एमचा जादा ताण देते. ती अडलेल्या एखाद्या परिच्छेदापुरती ठेवा.

एक छुपे कारण: वर्डमधून लाटेकमध्ये चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस अक्षर म्हणून येते. झीलाटेक आणि लुआलाटेक (लाटेकची युनिकोड फॉन्ट थेट वापरणारी रूपे) तिला फॉन्टातली आकृती समजतात, त्यामुळे ती ताणली जात नाही आणि सैल ओळीत तेवढीच जागा चिमटलेली दिसते. संपादकात ००ए० शोधून तिथे टिल्डा घाला. वर्डमध्येच शोधायचे तर परिच्छेदचिन्हे दाखवा. साधी स्पेस मधल्या ठिपक्याने दिसते, न तुटणारी छोट्या वर्तुळाने.

तपासणी मजकूर गोठल्यावरच करा. लुआलाटेकमध्ये ‘लुआ-चेक-हायफन’ पॅकेज प्रत्यक्ष तुटलेल्या शब्दांची यादी काढून देते, तिच्यात लघुरूपे आहेत का ते पाहा. इतर प्रणालींत तयार पानांच्या फक्त उजव्या कडेवरून वरून खाली नजर फिरवा आणि हायफनने किंवा टिंबाने संपणारी प्रत्येक ओळ थांबून वाचा. मग डावी कडा: एकटे अक्षर, एकटा आकडा किंवा एकटा प्रत्यय घेऊन सुरू होणारी ओळ.